मानधन घेतले म्हणजे सेवा संपली काय?



महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू होते तेव्हा अनेक घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मुलामुलींनी पुढे काय शिकावे हा पहिला, आणि फी, खाणावळ, खोलीचे भाडे व बसचा पास यांची तोंडमिळवणी कशी करावी हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नातूनच एक तिसरा प्रश्न निघतो. तो नीतीचा आहे आणि त्यावर आज आपण थोडा विचार करू या: चांगल्या कामाचे पैसे घ्यावेत काय?

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात 2000 सालच्या सुमारास एक योजना सुरू झाली. वसतिगृहांतील काही विद्यार्थ्यांना मानधन देऊन त्यांच्यावर एक जबाबदारी सोपवण्यात आली. विजेची उधळपट्टी, पाणी आणि कचरा यांविषयी त्यांनी आपल्या सोबत्यांना समजावून सांगायचे आणि त्यांच्या सवयी बदलतील असे उपक्रम घ्यायचे. पुढे इतरही अनेक विद्यापीठांनी हा मार्ग धरला. आपल्याकडची रूढ रीत वेगळी आहे. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 साली, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यातील विद्यार्थी दोन वर्षांत 240 तास काम करतो. झाडे लावतो, गाव झाडतो, बंधारा घालतो, आणि त्याचे वेतन घेत नाही.

यांपैकी कोणती रीत योग्य? सृष्टी ही देवाची देणगी आहे आणि तिची निगा राखणे हे सर्वांचे कर्तव्य आहे, असे आपण मानतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हेच कळकळीने मांडले आणि रोजच्या लहानसहान सवयींना मोठे मोल दिले. मग कर्तव्याचे पैसे कसे घ्यायचे? आईची सेवा करून कोणी तिच्याकडे हिशेब मागतो काय?

ही शंका हलकी समजू नये. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मोलाने ठेवलेल्या मेंढपाळाविषयी बोलतो. लांडगा येताना दिसला की तो कळप सोडून पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. आजच्या संशोधकांनाही असेच काही आढळले आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुले घरोघर जाऊन सत्कार्यासाठी देणग्या गोळा करीत होती. काहींना काहीच मोबदला नव्हता, काहींना जमवलेल्या रकमेच्या 1 टक्का, तर काहींना 10 टक्के मोबदला कबूल केला होता. सर्वांत जास्त देणग्या कोणी आणल्या? ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांनी. आणि सर्वांत कमी आणल्या त्या 1 टक्कावाल्यांनी. थोडेसे पैसे पुढे केले की मन हिशेब मांडू लागते, की एवढ्या पैशांत एवढेच काम पुरे.

तेव्हा पैसे देऊच नयेत, असे म्हणून विषय संपवता येईल. पण आपल्या वर्ध्याचा इतिहास आपल्याला तसे करू देत नाही. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुलांनी हातांनी उत्पादक काम करावे, त्या कामातूनच ज्ञान मिळवावे आणि त्याच्या उत्पन्नातून शिक्षकाच्या वेतनाचा खर्च निघावा, असा विचार तेथे मांडला गेला. हीच नई तालीम. या योजनेचा तपशील ठरवणाऱ्या डॉ. झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालात एक इशाराही दिला होता. पैशाच्या बाजूवर नको तितका भर पडला तर शिक्षणाचा मूळ हेतू हरवेल, असा तो इशारा. म्हणजे मुलाने किती सूत काढले हे मोजले जाईल, पण तो काय शिकला हे कोणी विचारणार नाही. सेवाग्रामात आर्यनायकम् पती-पत्नींनी ही शाळा चालवली, तेव्हा मुले शेती, कताई, स्वयंपाक, सफाई ही कामे तर करीतच. पण आपल्या सभेत बसून कामांची वाटणी आणि विचारही करीत. हात आणि मत दोन्ही मुलांचे होते.

तिकडे सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घातला. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना चालते. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करतात आणि तासाप्रमाणे मोबदला घेतात. गरिबाच्या लेकराने कोणाचे मिंधे न होता ताठ मानेने शिकावे, ही त्यामागची दृष्टी आहे.

आता आम्ही ज्या मुद्द्यावर येऊ इच्छितो तो असा. दोन विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. दोघींनाही झाडांची, पाण्याची आस्था आहे. एकीला घरून दर महिन्याला पैसे येतात. दुसरी आर्वी किंवा देवळीकडच्या कोरडवाहू कापसाच्या वावरातून आलेली आहे, आणि संध्याकाळी एखाद्या दुकानात काम करून खाणावळीचे पैसे भागवते. महाविद्यालयाने पर्यावरण समिती नेमली आणि काम बिनमोबदला ठेवले, तर समितीवर कोण बसेल? पहिली. पाण्याची किंमत मात्र दुसरीला अधिक ठाऊक आहे, कारण मे महिन्याच्या उन्हात हापशीवर रांग लावून तिने गुंड भरले आहेत. बिनमोबदला सेवेचे दार सर्वांना उघडे दिसते. पण ज्याला एक संध्याकाळ सोडणे परवडत नाही, त्याला त्या दारातून आत जाता येत नाही. मग नियम ठरतात ते ज्यांना टंचाई ठाऊक नाही त्यांच्या मताने.

मग मोलकरी मेंढपाळाचे काय? नीट पाहा. प्रभूने त्याला दोष दिला तो पळून जाण्याबद्दल, मजुरी घेण्याबद्दल दिलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवताना, कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, असे तोच सांगतो. संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे आणि करिंथकरांकडून काही घेत नसे; तरीही सुवार्तिकाला निर्वाहाचा हक्क आहे, हे तो त्यांना बजावून सांगतो. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. तेव्हा मोबदला आणि प्रीती यांचे मुळात वैर नाही. वैर आहे ते मोबदल्यापुरतेच काम करण्याशी.

याबाबतीत आपल्याच शहरातील एका ख्रिस्ती विचारवंताचे स्मरण होते. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (1892–1960) हे वर्ध्याच्या मगनवाडीत राहून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात त्याचा विचार त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकात 1945 सालीच मांडला. निसर्गात त्यांना जगण्याच्या चढत्या पायऱ्या दिसल्या. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ सर्वांत खाली. बागेतली फळे खाऊन बदल्यात काही न देणारे माकड त्याच्या वर. मध घेताना फुलांचे परागण करणारी मधमाशी आणखी वर. सगळ्या पोळ्यासाठी एकजुटीने राबणाऱ्या माशा त्याहून वर. आणि परतफेडीची आशा न धरता पिलांना भरवणारी पक्षीण सर्वांत वर. आमच्या मते ही शिडी आपल्या प्रश्नाला लागू पडते. मानधन घेऊन मनापासून काम करणारा विद्यार्थी मधमाशीच्या पायरीवर उभा आहे. ती पायरी लाजिरवाणी नाही, आणि तिच्यावरूनच पुढच्या पायऱ्या चढता येतात.

मात्र असे मानधन देताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते त्या मुलीने दिलेल्या वेळेला साजेसे असावे. प्रमाणपत्र आणि चहा-बिस्किटावर भागवणे हे काही मानधन नव्हे. दुसरी, त्यामुळे बाकीच्यांची सुटका होऊ नये. एकीला वीज वाचवण्याचे पैसे मिळतात म्हणून वर्गातील साठ जणांनी पंखे चालू ठेवून निघून जावे, असे झाले तर एक चाकरी निर्माण होईल आणि साठ जणांची सवय बिघडेल. तिचे काम त्यांच्या बदली राबण्याचे नाही, त्यांना जागे करण्याचे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. वसतिगृहाला पाणी पुरत नसताना समोरच्या हिरवळीवर ते सोडले जाते, असे तिने वरिष्ठांना सांगितले, तर तिचे मानधन चालू राहील काय? बंद होणार असेल, तर ती रक्कम कामाची नव्हती, गप्प बसण्याची होती. लांडगा आला तर बोलण्याची मुभा नसेल, तर आपणच मेंढपाळाला मोलकरी करून ठेवतो. ‘मानधन’ या शब्दात आधी मान आहे आणि मग धन. धन द्यायचे आणि मत मोजायचे नाही, तर ती साधी मजुरीच झाली.

बंधू-भगिनींनो, हा विचार विद्यापीठापुरता नाही. गायनवृंद, मुलांचे धर्मशिक्षण, सणाची साफसफाई यांसाठी आपण एकमेकांना ‘सेवा म्हणून या’ असे सहज म्हणतो. ज्यांना देवाने सवड दिली आहे त्यांनी आनंदाने यावे आणि काही मागू नये. पण ज्याची त्या दिवसाची रोजी बुडते, त्याच्या सेवेची किंमत त्याच्या चुलीला मोजावी लागते. त्याला हाक मारण्यापूर्वी त्याची भाकरी कशी चालेल हे विचारणे, हाही प्रीतीचाच भाग आहे.

आणि ज्या मुलांना असे काम मिळेल त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. मानधन तुमच्या ठरलेल्या तासांचे आहे. ते तास संपल्यावर, कोणी पाहत नसताना, गळणारा नळ बंद करण्यासाठी जो हात पुढे होतो त्याचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी देऊही शकत नाही. ते काम तुमचे स्वतःचे आहे. घेतलेल्या मानधनाने ते कमी होत नाही.

प्रभू आपल्या तरुणांना काम देवो, कामात मान देवो आणि मान मिळाल्यावर सत्य बोलण्याचे धैर्य देवो.

आपले धर्मगुरू