गुडघ्याच्या आत

सैल बसा. तळहात गुडघ्यावर ठेवा.

वाटी हाताला लागते. तिची ऊब लागते. घाई नको.

एक श्वास.

आता मनानेच आत उतरा. आत काळोख आहे. त्या काळोखात कूर्चा आहे, पांढरी, गुळगुळीत, ओलसर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. इतकी वर्षं तुम्ही जिने चढता, उतरता. ती आपली गप्प.

तिच्यापाशी थोडं थांबा.

हाच काळोख पाहायला १९१८ साली टोकियोत डॉक्टर केंजी ताकागी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहतात. आज दुर्बिणीची ४ मिलिमीटर जाडीची नळी एका छेदातून जिवंत सांध्यात शिरते. सांधा सलाईनने भरलेला असतो. पडद्यावर दोन हाडांमधल्या फाटलेल्या गादीची कड दिसते.

पाहा, शेवाळासारखी हलते आहे.

गादीच्या बाहेरच्या काठाला रक्त मिळतं, तिथे टाका धरतो. आतल्या काठाला ते मिळत नाही. तो काठ सहसा छाटावा लागतो.

श्वास घ्या. सोडा.

कधी दुसऱ्या छेदातून बारीक तंतू येतो. होल्मियम लेसरचा. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाट दाखवायला सोबत एक लाल ठिपका असतो.

ठिपका कडेवर येतो. स्थिरावतो.

बुडबुडे उठतात. लोंबती कड गेलेली असते.

इथेच थांबा. पाणी हा प्रकाश पिऊन टाकतं. ऊतीत तो अर्धा मिलिमीटरही जेमतेम पोचतो, आणि संपतो. मला त्याच्या धारेपेक्षा हे संपणंच अधिक पाहावंसं वाटतं.

पुन्हा पाहा. अर्धा मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढा.

प्रकाश संपतो, उष्णता मात्र पुढे सरकू शकते. १९९०च्या दशकात अशा उपचारांनंतर काही रुग्णांच्या गुडघ्यात कूर्चेखालचं हाड मृत झालेलं आढळलं. संशय उष्णतेवर होता, आणि प्रकाशाच्या झटक्यांनी उठणाऱ्या दाबलहरींवरही.

हात अजून गुडघ्यावर आहे ना? असू द्या.

आता हे काम बहुतेक ठिकाणी बारीक चिमटे, फिरतं पातं आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची उपकरणं करतात. सांध्यात लेसर क्वचितच दिसतो.

तुम्हाला कुणी ‘लेसरने करू’ म्हणालं, तर शांतपणे विचारा: काय छाटणार, काय शिवणार, आणि कशाला हात लावणार नाही?