आधी घर रिकामे करा



आजच्या शुभवर्तमानात (लूक १४:२५-३३) बुरूज बांधायला निघालेला एक माणूस भेटतो. तो आधी खाली बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. आम्ही धर्मगुरू प्रवचनात बहुधा त्या हिशेबावरच बोलतो. आज मला त्याच्या बसण्याविषयी बोलायचे आहे. पाऊस ओसरू लागला आहे. आता आपल्या वसईत गावोगावी जुन्या घरांची कामे निघतील. 'फादर, काम काढतोय, आशीर्वाद द्यायला या,' अशी निमंत्रणेही येऊ लागली आहेत. मी विचारतो, 'सगळे बसून बोललात का?' उत्तर मिळते, 'हो, इंजिनिअरबरोबर बसलो होतो.'

घर दुरुस्त करू नये असे मी म्हणणार नाही. आपली जुनी घरे मंगलोरी कौलांची, सागवानी वाशांची, चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींची. दिसायला सुंदर, पण वाशांना वाळवी लागली की पावसाळ्यात झोप लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री अंगणातल्या संडासापर्यंत जावे लागते. ज्यांना तसे राहावे लागत नाही त्यांनीच जुन्या घरांच्या सौंदर्यावर लेख लिहावेत!

जुन्या घरात काम काढण्यापूर्वी काय करावे, याविषयी पवित्र शास्त्रात एक उतारा आहे. तो आपल्या वाचनांत सहसा येत नाही. लेवीय पुस्तकाचा चौदावा अध्याय, तेहतिसाव्या ओवीपासून पुढे. घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे दिसले तर घरमालकाने याजकाकडे जाऊन सांगावे. मग याजक पाहायला येतो. पण येण्यापूर्वी त्याची एक आज्ञा असते : आधी घर रिकामे करा. कारण त्याने पाहून घर अशुद्ध ठरवले, तर आतल्या सगळ्या वस्तूही अशुद्ध ठरतील. जुन्या यहुदी गुरूंनी यावर फार हृद्य भाष्य केले आहे. देवाला येथे कशाची काळजी आहे? तर गरिबाच्या मातीच्या भांड्यांची. धातूचे भांडे धुऊन शुद्ध करता येते, मातीचे मडके फोडावेच लागते. म्हणून मडकी आधी बाहेर.

पुढे घर सात दिवस बंद ठेवायचे आणि पुन्हा पाहायचे. चट्टे पसरले असतील तर तेवढेच दगड काढायचे, भिंत आतून खरवडायची, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही डाग परतला, तरच घर पाडायचे. किती सबुरी आहे पाहा! आपल्याकडे मिस्त्री पहिल्याच दिवशी सांगतो, 'पाडूनच टाका.' त्याचे ऐकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या इंजिनिअरला भिंती दाखवा. जुन्या घरात छपराचा भार भिंतींवरच असतो, हॉल मोठा करण्यासाठी मधली भिंत उडवणे हा खेळ नव्हे. चुन्याच्या भिंतीला ओल आली म्हणून वरून सिमेंट थापले तर ओल आतच कोंडते. जुना तैलरंग घासताना लहान मुले आणि गरोदर स्त्रिया घरात नकोत. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीच्या रंगाची धूळ विषारी असू शकते. पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते, ते अखंड उतरवा. आणि लेवीय पुस्तक म्हणते की खरवडलेला गिलावा नगराबाहेर अशुद्ध जागी टाकावा. आपण तो बावखलात टाकतो. त्या बावखलांनी आपल्या वाड्या पिढ्यान्पिढ्या जगवल्या. याहून जास्त मी बोलत नाही.

पण मूळ मुद्दा घर रिकामे करण्याचा. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या की घरातली न बोललेली गोष्ट वर येते. हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वडिलांचे घर दुरुस्तीला काढायचे ठरले. वडील देवाघरी गेले होते, मृत्युपत्र नव्हते. घरात आई, थोरला भाऊ आणि त्याचे कुटुंब. मी धर्मगुरू, मला घराची गरज नाही. आमची मोठी बहीण लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली. भावाने नकाशा केला, मी तो कौतुकाने पाहिला, तारीख ठरवली, आशीर्वादाची प्रार्थनाही निवडली. बहिणीला आम्ही बोलावले ते दोनच गोष्टींसाठी : सामान हलवायला आणि हक्कसोड पत्रावर सही करायला. ती आली, दिवसभर भांडी बांधली, माळा झाडला. संध्याकाळी वडिलांच्या पेटीत घराच्या बांधकामाची वही सापडली. विटा, चुना, सुतारांची मजुरी असे सगळे त्यांच्या अक्षरात. एका पानावर बहिणीचे नाव होते. लग्नाआधी ती शिवणकाम करत असे. तिने दिलेले पैसे वडिलांनी महिनावार मांडले होते. कौले त्या पैशांतून आली होती.

कोणी काही बोलले नाही. ती म्हणाली, 'सही कुठे करायची ते दाखवा.'

बंधू-भगिनींनो, योशिया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी यरुशलेमचे मंदिर दुरुस्तीला काढले होते (२ राजे २२). सुतार, गवंडी कामाला लागले, आणि त्या कामात प्रमुख याजकाला नियमशास्त्राचे विसरलेले पुस्तक सापडले. ते ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली आणि देवाला विचारून या म्हणून माणसे पाठवली. ती कोणाकडे गेली? यिर्मया संदेष्टा त्या काळी होता. पण ती हुल्दा नावाच्या एका स्त्रीकडे गेली. तिच्या घरी, शहराच्या दुसऱ्या भागात. तिला कागद घेऊन बोलावून घेतले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला थेसियसच्या जहाजाचा प्रश्न शिकवला होता. एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच राहिले का? आम्ही तासन्‌तास वाद घातला होता. ज्या घराची कौले जिच्या कमाईची, तिला न विचारता ती उतरवली तर ते घर आमचे राहील का, हा प्रश्न मात्र त्या वर्गात कोणी विचारला नव्हता. आणि मी तर आशीर्वादाची प्रार्थना निवडून मोकळा झालो होतो.

सकाळी मी भावाशी बोललो. तो रागावला. 'तुला काय, तुला कुठे संसार आहे?' त्याचेही खरे होते, कर्ज तो काढणार होता. काम दोन महिने लांबले. आम्ही दोघे बहिणीच्या घरी गेलो, आईला बरोबर घेऊन.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्या अनेक घरांत ती ठाऊक असून बोलली जात नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात सगळ्या मुलांना सारखा वाटा. मुलगा-मुलगी भेद नाही. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला तर तिचा मोठेपणा. तिने वाटा मागितला तर ती लोभी नव्हे, आणि 'माहेर तुटेल' ही भीती घालून सही घेणे हा अन्याय आहे. पापनिवेदनात तो क्वचितच कानी पडतो.

आमच्या बहिणीने वाटा घेतला की सोडला, हे ती तिन्ही भावंडांची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. त्या दिवशी तिने नकाशा मागितला आणि बराच वेळ पाहिला. दर रविवारी येऊन आईला अंघोळ घालायची ती. भाऊ त्या वेळी चर्चला असे, मी माझ्या धर्मग्रामात. ती म्हणाली, 'आईच्या खोलीला उंबरा ठेवू नका. ती दोनदा अडखळून पडली आहे, तुम्हांला सांगू नको म्हणाली होती. आणि न्हाणी तिच्या खोलीला लागून करा, नळ खाली घ्या.' आई खाली मान घालून बसली होती. इंजिनिअरने नकाशा बदलला.

मला आशीर्वादासाठी बोलवा, मी आनंदाने येईन. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या की घर रिकामे झाले आहे आणि सगळ्यांना विचारले आहे.

तुमचा,
फादर