‘वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा?

वह्या मिटा आणि इकडे लक्ष द्या. चाचणीत मी मुद्दाम एक वाक्य घातलं होतं: ‘मला वाटतं, आज पाऊस येईल.’ अलंकार असलाच तर ओळखा, असं स्पष्ट विचारलं होतं. अर्ध्या वर्गानं ‘उत्प्रेक्षा’ लिहून ठेवलं! का, तर गाइडच्या चौकटीत ‘जणू, गमे, वाटे, भासे’ छापलंय. अरे, त्या वाक्यात उपमेय कुठाय? उपमान कुठाय? कशावर कशाची कल्पना केलीय? साधा पावसाचा अंदाज आहे तो.

दुसरं वाक्य, ‘सह्याद्रीसारखा सह्याद्रीच.’ ‘सारखा’ दिसला की ठोकली उपमा. मम्मटानं अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त उपमेची व्याख्या करतानाच अट घातली, की साम्य हवं, पण वस्तू दोन वेगळ्या हव्यात. इथे सह्याद्रीला दुसरी जोडच सापडली नाही, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच केली. हा अनन्वय. दोन शब्दांचं वाक्यही तुम्ही शेवटपर्यंत वाचत नाही.

आता फळ्याकडे बघा. ‘आजोबांचे तळपाय भेगाळलेल्या शेतासारखे आहेत.’ पाय वेगळे, शेत वेगळं, मध्ये ‘सारखे’. उपमा. ‘तळपाय म्हणजे जणू भेगाळलेलं शेतच.’ पाय समोर दिसतायत, तरी मन म्हणतंय हे शेतच असावं. उत्प्रेक्षा. ‘तळपायांच्या भेगाळल्या शेतात आजीनं तेलाचं पाणी सोडलं.’ इथे पाय आणि शेत एकरूप झाले, म्हणून तर तेलाचंही पाणी झालं. रूपक. ‘हे तळपाय नव्हेत, भेगाळलेलं शेत आहे.’ पाय चक्क नाकारले. अपन्हुती. शब्द जवळपास तेच, पण बोलणाऱ्याचं मन दर वेळी एकेक पायरी पुढे गेलंय. ओळखायचं असतं ते हे, आणि तुम्ही खुणेचे शब्द हुडकत बसता.

यमक, अनुप्रास कानालाच कळतात; त्यावर मी वेळ घालवणार नाही.

‘दोन गुणांचा तर प्रश्न आहे,’ असं मागच्या बाकावर कोणी तरी पुटपुटलं, ते मी ऐकलंय. गुण गेले तर जाऊ देत. उद्या ज्ञानेश्वरी उघडाल तेव्हा काय कराल? तिथे दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात आणि अवघड अर्थ त्यांतूनच उलगडत जातो. पाठ केलेली चौकट तिथे एका ओवीलाही पुरायची नाही.

उद्या प्रत्येकानं आपल्या घरातली एक वस्तू नीट बघून तिच्यावर याच चार अलंकारांची चार वाक्यं लिहून आणायची. मुख आणि चंद्र, डोळे आणि कमळ चालणार नाहीत. गाइडमधलं एक जरी वाक्य सापडलं, तर सगळं पुन्हा लिहावं लागेल.