शिकाऱ्याची कबुली

शिकार धर्म्य की पाप, हा प्रश्न परंपरेने सोडवला नाही, गोष्टींत जपला. बारामती-इंदापूर टापूतल्या माळरानावर चिंकारा मारणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खंडोबाच्या जागरणात मात्र देव अजूनही शिकारीचे निमित्त काढून प्रेयसी बानूकडे निघतो. तिथे शिकार म्हणजे थट्टा.

रामायणात धनुर्धराची हकिगत कबुली होते. अंधारात शरयूकाठी घड्याचा बुडबुड आवाज आला; दशरथाला वाटले, हत्ती पाणी पितोय. शब्दवेधी बाण सुटला आणि श्रावणबाळाला लागला. नेम अचूक, ओळख चुकलेली. बढाईखोर शिकारकथांतून नेमके हेच गळते. राम वनात गेल्यावर सहाव्या रात्री दशरथाने ही आठवण कौसल्येला सांगितली आणि त्याच रात्री प्राण सोडला.