मफीबोशेथाचा वाटा

शास्त्रपाठ : २ शमुवेल, अध्याय ४, ओवी ४, आणि अध्याय ९.



शौल राजा व योनाथान रणात पडल्याची बातमी आली, तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दाई त्यास उचलून घाईने पळाली, आणि त्या घाईत ते लेकरू पडून दोन्ही पायांनी अधू झाले. पाच वर्षांचे वय म्हणजे आज आपल्या गावी अंगणवाडीत जाण्याचे वय होय. म्हणून ही कथा आज आपण आपल्या गावच्या अंगणवाडीच्या दारात उभे राहून वाचू.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाकिली पाहिजे. अधू, मुके अथवा मंदबुद्धि मूल जन्मले की, हे कोणाच्या पापाचे फळ, असा प्रश्न आपल्यातही कुजबुजत विचारला जातो. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि ना त्याचे पाप ना आईबापांचे, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (योहान, अध्याय ९). ज्याचा निकाल प्रभूने दिला तो खटला आपण पुन्हा उभा करू नये. या एका लाजेपायी किती लेकरे आतल्या खोलीत वाढतात!

येथे आम्ही आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत प्रार्थनेस गेलो असता गोधडीवर निजलेली चार वर्षांची एक मुलगी आम्हांस दिसली. तिची मान स्थिर राहत नव्हती. आम्ही तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला व निघालो. ती अंगणवाडीत जाते काय, तिला कोणी तपासले काय, हे आम्ही विचारलेच नाही. अंगणवाडी त्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा तिचे गुडघे आखडून गेले होते. योग्य बैठक व रोजचा व्यायाम वेळीच मिळता तर हे पुष्कळ अंशी टळले असते, असे डॉक्टरांनी तिच्या आईस सांगितले होते. आमची प्रार्थना खोटी नव्हती. परंतु ती उंबरठ्याबाहेर पडली नाही.

आता दावीदाने काय केले ते पाहा. त्याने लो-दबार येथे माणसे पाठवून मफीबोशेथास आणविले. तो स्वतःस मेलेल्या कुत्र्यासारखा लेखीत होता; राजाने त्यास आपल्या पंक्तीस बसविले. परंतु दावीद तेवढ्यावर थांबला नाही. शौलाची सर्व जमीन त्याने त्यास परत दिली, आणि सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर यांस ती कसून उत्पन्न आणून देण्याची आज्ञा केली. पंक्तीत मान दिला आणि निर्वाहाची सोयही लाविली. शिवाय अध्यायाच्या शेवटीही तो दोन्ही पायांनी अधूच आहे. बरा झालास तर बस, अशी अट राजाने घातली नाही.

आपल्या देशात अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांस वर्षातून दोनदा तपासावे, असे ठरले आहे. व्यंग आढळल्यास त्यांस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावयाचे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धति जाहीर केली : सेविकेने लक्षणे लवकर ओळखावी, त्या मुलास इतरांत सामील करावे, घरच्यांस आधार द्यावा. हे सर्व चांगले आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विनामूल्य शिक्षणाचा जो हक्क दिला, तो ६ ते १८ वर्षांच्या मुलांस. मफीबोशेथाचे वय त्यात बसत नाही. आणि याच वयात बहिऱ्या मुलाची बोली घडावयाची किंवा कायमची राहावयाची असते. एक सेविका व एक मदतनीस यांनी खाऊ शिजवावा, नोंदी ठेवाव्या, मुलांस शिकवावे, आणि मान न धरणाऱ्या लेकरासही सांभाळावे, हे कसे व्हावे? पान मांडले, पण वाढावयाचे कोठून?

बंधूंनो, शेत आहे. ते पडीक आहे, इतकेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावे, असा शासनाचा नियम आहे. ज्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न दोन लाख रुपये, तिच्याकडे या कामाचे दरसाल दहा हजार रुपये निघतात. पुष्कळ ठिकाणी ही रक्कम वर्षअखेरीस थोडी थोडी वाटली जाते, अथवा तशीच राहते. लहान मुलाचे नाव यादीत नसते, कारण घरच्यांनी ते कोणास सांगितलेलेच नसते. अंगणवाडीच्या पायरीजागी उतरण बांधणे, मान व पाठ धरून ठेवणारी लाकडी खुर्ची सुताराकडून करविणे, या गोष्टींची मागणी त्या निधीतून करावी. ही भिक्षा नव्हे. मफीबोशेथास जे मिळाले ते दान नव्हते, त्याच्या आजाची जमीन होती. घरपट्टी व पाणीपट्टी या मुलांचे आईबापही भरतात.

तर उपदेशकांनी व मंडळीच्या वडिलांनी तीन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे. पहिली, या महिन्यात घरोघर जाऊन सहा वर्षांखालील अशा मुलांची यादी करावी. ख्रिस्ती घर व इतर घर असा भेद करू नये. ती यादी सेविकेस व आशाताईस दाखवावी, आणि पथक येईल त्या दिवशी ती मुले हजर राहतील असे पाहावे. दुसरी, प्रमाणपत्र व ओळखपत्र यांसाठी आईबापांबरोबर जिल्ह्याच्या रुग्णालयात स्वतः जावे. त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते व एस. टी.चे भाडे पडते. ते हंगामाच्या उपकारस्तुतीच्या अर्पणांतून मंडळीने द्यावे. तिसरी, ग्रामसभेत उभे राहून ५ टक्क्यांचा हिशेब नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा, आणि अंगणवाडीची मागणी लेखी द्यावी. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरते. त्या दिवशी आपण घरी बसलो, तर पुढे कुरकुर करण्याचा अधिकार आपणांस नाही.

कोणी म्हणेल, आम्ही गावात थोडे, आमचे कोण ऐकतो? परंतु आपण आपल्यासाठी मागावयास जात नाही. जो मुक्याच्या वतीने बोलतो, त्याच्या बोलण्यास वजन येते.

ती मुलगी आता अंगणवाडीच्या वयाची राहिली नाही. तिच्यासाठी जे वेळीच विचारावयाचे होते ते आम्ही विचारले नाही, आणि त्याबद्दल आम्ही प्रभूपाशी क्षमा मागितली आहे. परंतु तिच्याच वस्तीत आज दुसरे एखादे लेकरू गोधडीवर असेल. पुढील रविवारी उपासना संपल्यावर आपल्या गावी त्याचे दार कोणते, हे शोधावयास निघा. ज्या प्रभूने लेकरांस कवेत घेतले, तो आपणांस डोळे, पाय व धैर्य देवो. आमेन.