पायाखालची प्रतिमा

सीमाभागातील एका लहान मंडळीत आम्ही दानीएलावर उपदेश केला होता. राजाची मनाई असताही त्याने खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना केली, हा भाग आम्ही जरा आवेशानेच मांडला. उपासना संपल्यावर दाराशी चपला घालता घालता एका आजींनी विचारले, "भाऊ, दानीएलाला लेकरंबाळं होती का हो?" शास्त्रात तसा उल्लेख नाही, एवढेच आम्हांला सांगता आले. "बरं," म्हणून आजी निघून गेल्या. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

उघडपणे मरायला जो तयार होतो त्याचा आपण गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण जो मान खाली घालून जगतो, लेकरे जगवतो आणि मनातले सोडत नाही, त्याच्या जगण्याला काय म्हणावे? भित्रेपणा की विश्वासूपणा?

याचा विचार करताना आम्हांला जपानातील नागासाकीच्या आसपासचे गरीब शेतकरी व कोळी आठवतात. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून जपानात पोहोचले व तेथे मंडळी उभी राहिली. १६१४ मध्ये तोकुगावा राज्यकर्त्यांनी देशभर बंदी घातली. लपूनछपून सेवा करणारा शेवटचा पाद्री १६४४ मध्ये मारला गेला. प्रत्येक कुटुंबाने बौद्ध देवळात नाव नोंदवावे, पाच-पाच घरांचा गट करून एकाच्या अपराधाबद्दल सर्वांना धरावे, असा बंदोबस्त झाला. शिवाय नागासाकीत दर वर्षी ख्रिस्ताची किंवा मरीयेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि प्रत्येकाने तिच्यावर पाय द्यायचा. तिला 'फुमिए' म्हणत.

या लोकांनी पाय दिला. वर्षानुवर्षे दिला. मग घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना केली. पाद्री नसताही खऱ्या पश्चात्तापाने क्षमा मिळते ही शिकवण त्यांच्याजवळ उरली होती. पुस्तक सापडले तर जीव जाई, म्हणून प्रार्थना तोंडपाठ. त्यांना ते 'ओराशो' म्हणत. त्यांतले लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यांच्या तोंडी इतके झिजले की म्हणणाऱ्यालाही पुष्कळांचा अर्थ कळेना. गावातला एक जण सणांचे दिवस मोजून ठेवी, दुसरा बालकांना बाप्तिस्मा देई. कान्नोन ही बौद्धांची करुणेची देवी; मूल घेतलेली तिची मूर्ती घरात ठेवून ते मरीयेचे स्मरण करीत. आम्हा प्रॉटेस्टंटांना ही गोष्ट पचायला जड जाते हे कबूल करतो. पण ज्यांच्या हाती ना शास्त्र ना पाळक, त्यांचा न्याय करण्याची घाई आपण कशाला करावी?

हे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालले. मार्च १८६५ मध्ये, परदेशी लोकांसाठी नागासाकीत बांधलेल्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे शिरली. आमचे मन तुमच्यासारखेच आहे, असे त्यांतील एका बाईने फ्रेंच पाद्री पेतीज्याँ यांना हळूच सांगितले. बंदी तेव्हाही उठली नव्हती. पुढे उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार केले गेले आणि सहाशेहून अधिक तिकडेच मेले. बंदीचे फलक १८७३ मध्ये उतरले.

हद्दपारी सोसणारी ही माणसे म्हणजे पाय देणाऱ्यांचीच नातवंडे-पतवंडे. ते वाडवडील सगळेच एका दिवशी मेले असते, तर १८६५ मध्ये त्या दारात कोण आले असते?

मनुष्यांसमोर नाकारणाऱ्याविषयी प्रभूचे शब्द कडक आहेत. ते सौम्य करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण दुसरे राजे, पाचव्या अध्यायात नामानही आहे. कुष्ठरोगातून बरा झालेला हा सेनापती अलीशाला विचारतो की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, याची मला क्षमा व्हावी. अलीशाने शाबासकी दिली नाही, फटकारलेही नाही. त्याला शांतीने जाऊ दिले. कित्येक वर्षे आम्ही हे वचन वाचून तसेच पुढे जात होतो.

आपल्याकडे पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना खुला झाला, ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून काही घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव असते व मंडळीत दुसरे. खोटे ते खोटेच, असे म्हणून आम्ही अशा घरांवर व्यासपीठावरून कोरडे ओढले आहेत. आमच्या आजोबांना मिशनच्या शाळेत नोकरी होती. धर्माचा रकाना भरताना आमचा हात कधी अडखळला नाही. प्रतिमा जमिनीवर कोणी ठेवली हे आम्ही विचारले नाही, पाय कोणी दिला तेवढे पाहिले.

गेल्या पावसाळ्यात त्या मंडळीत पुन्हा जाण्याचा योग आला. या वेळी नामानाचा अध्याय वाचला. आजी पुढेच बसल्या होत्या. उपासनेनंतर त्यांनी नातवाला आमच्यापुढे आणले व त्याचे नाव सांगितले. मग जरा थांबून दुसरेही सांगितले.