मोजणीची सीमारेषा

पेडणे तालुक्याचा नकाशा पाहिला तर तेरेखोल हे गाव नदीपलीकडे एकटेच राहून गेल्यासारखे दिसते. तालुक्याचा बाकीचा भाग तेरेखोल नदीच्या दक्षिणेस आणि हा लहानसा तुकडा उत्तरेस. सावंतवाडीकरांचा येथील किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतला आणि तेव्हापासून ही पलीकडची भूमी गोव्याच्या हद्दीत आली. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडून पुढे गेले की थोड्याच अंतरावर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी लागते. रेडीला लोहखनिजाची खाण आहे. तेरेखोलचा एखादा रहिवासी त्या खाणीवर कामाला जात असेल, तर त्याच्या वेतनाची नोंद महाराष्ट्राच्या उत्पन्नात होते; कारण आपल्याकडे राज्याचे उत्पन्न ते जेथे निर्माण होते तेथले मानतात. तोच मनुष्य संध्याकाळी नदी ओलांडून केरीला बाजार करतो, तेव्हा दुकानदाराचा नफा मात्र गोव्याच्या खात्यात पडतो.

यात कोणाचे काही चुकले आहे असे नाही. मोजावयाचे म्हटले की कोठे तरी रेषा ओढावीच लागते. परंतु रेषा कोठे ओढावी, हा प्रश्न केवळ गणिताचा आहे की नीतीचाही, याचा विचार सध्या करण्याजोगा आहे. कारण आपल्या देशाची आर्थिक आकडेवारी नव्याने बांधण्याचे मोठे काम हाती घेतले गेले आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिकेसाठी २०११-१२ ऐवजी २०२२-२३ हे आधारवर्ष ठरविण्यात आले, ग्राहक किंमत निर्देशांकासाठी २०१२ ऐवजी २०२४. रोजगाराची पाहणी २०२५ पासून दरमहा प्रसिद्ध होऊ लागली. कोरोनामुळे लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाली असून तिची नोंद कागदाऐवजी यंत्रावर व्हावयाची आहे. हे सारे आवश्यकच होते. जुन्या किंमत निर्देशांकात ग्रामीण भागासाठी घरभाड्याला स्थानच नव्हते, आणि टेपरेकॉर्डरला मात्र होते! ज्या वस्तू लोकांच्या घरातून केव्हाच गेल्या, त्यांच्या भावावरून महागाई मोजणे फार काळ चालणारे नव्हते.

तथापि यंत्र आले म्हणजे आकडेवारी आधुनिक झाली, असा जो समज पसरत आहे तो मला अर्धवट वाटतो. शासकीय सेवेत असताना मी अशी कोष्टके पुष्कळ पाहिली, ज्यांत मागील वर्षीचा आकडा घेऊन त्यात दोन-तीन टक्के मिळविलेले असत. ती भरणारी माणसे लबाड नव्हती. त्यांच्या टेबलावर एकाच वेळी दहा विवरणपत्रे पडलेली असत, आणि हा आकडा पुढे कशासाठी वापरला जाणार, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसे. आज त्यांच्या हाती कागदाऐवजी यंत्र दिले, तर तीच बेरीज अधिक लवकर वर पोहोचेल, एवढेच.

आकड्याकडे नीतीच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. १८७६ मध्ये दादाभाई नौरोजींनी मुंबईत आपला निबंध वाचला, तेव्हा हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये भरते असे त्यांनी दाखविले. आणि त्याच्या शेजारी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेला खर्च मांडला. तो त्या २० रुपयांहून अधिक होता. एवढी तुलना केल्यावर निराळे भाष्य करावे लागले नाही. पुढे १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात नामदार गोखल्यांनी सरकारी शिलकेचा असाच समाचार घेतला. रुपयाचा भाव घसरला असताना वाढविलेले कर, तो भाव सुधारल्यावरही तसेच चालू ठेवल्याने ही शिलक दिसते. तिजोरीतील शिलक म्हणजे रयतेची सुस्थिती नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. गोखल्यांच्या मागे आकडेमोडीचे बळ होते ते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे. शाळेत अध्यापन करणारा हा गृहस्थ सरकारी अहवाल ज्या चिकाटीने वाचीत असे, ती चिकाटी आज मोठमोठ्या कचेऱ्यांतही विरळा. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष महालनोबिस आणि दोन सदस्यांपैकी एक आपले धनंजयराव गाडगीळ.

महालनोबिसांचा विषय निघालाच आहे तर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी झालेल्या त्यांच्या मतभेदाची आठवण ठेवली पाहिजे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. पिकाचा उतारा अजमावण्यासाठी शेताचा एक तुकडा आखून त्यातील पीक कापून तोलतात. हा तुकडा किती मोठा असावा, यावर दोघांचे पटत नव्हते. महालनोबिसांना लहान तुकडे पुरेसे वाटत. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, तुकडा जितका लहान तितका त्याच्या कडेवरील रोपांचा प्रभाव अधिक. आणि कडेवरचे रोप आत घ्यावे की बाहेर ठेवावे असा संशय पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात ते आतच घेतो. त्यामुळे उतारा फुगतो. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते. त्यात कोणी कोणाला फसविलेले नाही. भरघोस पीक पाहण्याची मनुष्याची जी स्वाभाविक इच्छा, तीच विळ्यातून उतरते.

राष्ट्रीय हिशेबातही अशीच एक रेषा असते. तिला उत्पादनाची सीमा म्हणतात. तिच्या आत काय घ्यावे याचे नियम मोठे मजेदार आहेत. आपण आपल्या वडिलोपार्जित घरात राहतो, कोणाला भाडे देत नाही. तरी त्या घराचे भाडे कल्पून ते राष्ट्रीय उत्पन्नात मिळविले जाते. त्याच घरातील गृहिणी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, ते काम मात्र रेषेबाहेर. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने म्हटलेच आहे की, एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी विवाह केला तर देशाचे उत्पन्न तेवढे घटते. भिंतींचे भाडे मोजावे आणि त्या भिंतींना घरपण देणारे श्रम मोजू नयेत, यामागे तांत्रिक कारणे आहेत, ती मला ठाऊक आहेत आणि काही अंशी पटतातही. पण २०१९ मध्ये देशभर झालेल्या कालविनियोगाच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषाचा ९७, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, अंतर जवळजवळ तसेच राहिले. निदान ही मोजणी झाली. उत्पन्नात मिळवा अथवा न मिळवा, शेजारी मांडा, एवढे तरी म्हणता येते.

आपल्या भागाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा प्रश्न डिचोलीच्या खाणींचा आहे. २०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. त्या काळात राज्याच्या उत्पन्नाचा आलेख चढता होता आणि दरडोई उत्पन्नात गोवा देशात अग्रभागी होता. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले, आणि राज्याच्या उत्पन्नाचा आकडा खाली आला. म्हणजे डोंगर रिकामा होत होता तेव्हा हिशेबवही आपण श्रीमंत होत आहोत असे सांगत होती. आणि डोंगर जागच्या जागी राहिला तेव्हा आपण गरीब झालो असे सांगू लागली.

ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या कीर्द-खतावणी लिहिली गेली, त्या वाचकांना यातील दोष दाखवून द्यावा लागणार नाही. कुळागरातील सुपारी विकली तर ती मिळकत. कुळागरच विकले तर ते मुद्दल मोडणे. दोन्हींचे रुपये पेटीत सारखेच दिसतात, म्हणून तर त्यांची पाने वेगळी ठेवावयाची. राज्याच्या हिशेबात ही पाने वेगळी ठेवली गेली नाहीत. गंमत अशी की निव्वळ उत्पन्न काढताना खनिज खणणाऱ्या यंत्राची झीज वजा केली जाते, खणून नेलेले खनिज वजा केले जात नाही. खाणीमुळे शेजारच्या विहिरींचे पाणी खोल गेले आणि लोकांना टँकर मागवावा लागला, तर टँकरवाल्याची कमाईही उत्पन्नात भरच घालते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांच्या, बार्जवरील खलाशांच्या, लहान गॅरेजवाल्यांच्या घरी जे ओढवले ते खोटे नव्हते. कर्जाचे हप्ते थकले, दारातले ट्रक गंजले. घसरलेल्या आकड्याने त्यांची हलाखी खरीच सांगितली. माझा आक्षेप आहे तो त्याआधीच्या वर्षांत, बरकतीच्या काळात, त्याने जे सांगितले नाही त्याला. खनिज हे मुद्दल आहे असे वहीत लिहिलेले असते, तर त्यातील काही भाग या दिवसांसाठी बाजूला ठेवण्याची बुद्धी झाली असती. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत ठेवावा असा आदेश दिला. जो विचार हिशेबनिसाच्या वहीतून यावयास हवा होता, तो न्यायालयाकडून यावा लागला.

रेषा कोठे ओढावी याबरोबरच, मोजलेले दाखवावे की नाही हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय सांख्यिकी आयोग २००६ मध्ये स्थापन झाला आणि सुरेश तेंडुलकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा शासनाच्या सोयी-गैरसोयीपासून आकडा दूर राहावा हाच हेतू होता. २०१९ च्या जानेवारीत रोजगाराची पाहणी प्रसिद्ध होत नाही म्हणून याच आयोगाच्या कार्यकारी अध्यक्षांसह दोघांनी राजीनामे दिले. ती पाहणी मे महिन्याच्या अखेरीस, निवडणूक झाल्यावर, बाहेर आली. २०१७-१८ ची कुटुंबखर्चाची पाहणी तर दर्जा समाधानकारक नाही या कारणाने प्रसिद्धच झाली नाही. दर्जात उणीव असू शकते. पण उणिवा सांगून आकडा लोकांपुढे ठेवणे आणि तो कपाटात ठेवणे यांत फार अंतर आहे. या निर्णयामुळे २०११-१२ नंतर २०२२-२३ पर्यंत, तब्बल अकरा वर्षे, सामान्य कुटुंबाचा खर्च किती व कशावर होतो याचे अधिकृत चित्रच देशापुढे नव्हते. जुना निर्देशांक टेपरेकॉर्डरला धरून राहिला, त्याचे एक कारण हेही.

आता खनिजाच्या बाबतीत एक बदल येऊ घातला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाची जी नवी पद्धती संमत केली, तिच्यात नैसर्गिक संपत्तीची घट हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. सकल उत्पन्नाच्या आकड्याला त्याने धक्का लागणार नाही. वजावट होईल ती निव्वळ उत्पन्नात. आणि राज्याराज्यांचे दरडोई उत्पन्न म्हणून जो आकडा आपण अभिमानाने वाचतो, तो निव्वळ उत्पन्नावरूनच काढलेला असतो. डिचोलीच्या खनिजपट्ट्याचा लिलाव २०२२ च्या डिसेंबरात झालेला आहे. आपल्या देशाने ही पद्धती स्वीकारली, तर तेथून पुढे निघणाऱ्या प्रत्येक टनाची वजावट लिहावी लागेल. नवी मालिका आली की मागील वर्षांचे हिशेबही नव्या नियमाने पुन्हा मांडण्याचा प्रघात आहे. त्या वेळी २०१०-११ चे पानही उघडावे लागेल.